शहरातला 'स्वच्छ हवा कर': पैसे गाडीवाल्याने भरायचे, पण बसचं भलं होतं का?

मिडलँडकर

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात पुण्याहून मामेभावाचा फोन आला. सिंहगड रोडवर सव्वा तास अडकून नुकताच घरी टेकला होता. म्हणाला, "तुमच्याकडे धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावतात ना, ते इकडे आणायला पाहिजे. लोक झक मारत बसने जातील." मी 'हो' म्हणता म्हणता थांबलो. कारण मी त्या भानगडीतून गेलोय, आणि प्रकरण वाटतं तितकं सरळ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २०२१ पासून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या मधल्या भागात, मिडलवे नावाच्या रिंगरोडच्या आत, जुनी गाडी नेली की दिवसाला ८ पाउंड. जुनी म्हणजे पेट्रोल असेल तर युरो ४ च्या खालची, डिझेल असेल तर युरो ६ च्या खालची. (युरो म्हणजे धुराचं युरोपीय मानक, आकडा जितका मोठा तितकी गाडी स्वच्छ.) रिंगरोडवरून कितीही चकरा मारा, काही नाही. आत वळलात की कॅमेरा नंबर टिपतो. टोलनाका नाही, पावती नाही. सहा दिवसांच्या आत आपणहून ऑनलाइन भरायचे. विसरलात तर १२० पाउंड दंड, १४ दिवसांत भरलात तर त्याचा निम्मा.

माझी २०१३ ची डिझेल होती आणि ऑफिस आत. महिन्याचे दीडशेच्या वर जायला लागले तेव्हा गाडी विकली आणि बसचा पास काढला. म्हणजे योजना यशस्वी, नाही का?

पण गंमत पुढे आहे. तोच नियम बसलाही होता, आणि युरो ६ नसलेल्या बसला दिवसाचे ५०. मी ८ पाउंड वाचवायला जिच्यात चढलो, तिच्या मालकाच्या डोक्यावर ५० ची टांगती तलवार. आणि रस्त्यावर गाड्या तेवढ्याच. फक्त सगळ्या नव्या कोऱ्या! माझी बस तेव्हा पस्तीस मिनिटं घ्यायची, आजही पस्तीसच घेते.

तर प्रश्न असा, की अशा शुल्कातून सार्वजनिक वाहतुकीच्या पदरात नक्की काय पडतं? अनुभव सांगा. राजकारण नको. (येणारच, पण म्हणून ठेवलं.)

चहाबाज

पहिला! जागा धरून ठेवतो, आधण ठेवून आलो.

टिनपाट

'राजकारण नको' म्हटलेल्या धाग्यांची शंभरी ठरलेली असते. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

हॅरोची_सून

आमच्याकडे लंडनचं यूलेझ, म्हणजे धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं असंच शुल्क. एप्रिल २०१९ मध्ये फक्त मधल्या भागात होतं, तेव्हा आम्हाला काही फरक पडला नाही. ऑक्टोबर २०२१ ला नॉर्थ सर्क्युलर–साउथ सर्क्युलर या रिंगरोडपर्यंत आलं, तेव्हाही आमचं उपनगर हॅरो बाहेरच. २९ ऑगस्ट २०२३ ला मात्र सगळं लंडन आत घेतलं आणि आमच्या दारातल्या २०११ च्या डिझेलवर रोजचे साडेबारा पाउंड बसले. ठीकठाक चालणारी गाडी हो! सासरे दोन दिवस जेवले नाहीत नीट.

गाडी भंगारात दिली तर अनुदान होतं, आणि त्यात एक पर्याय असा होता की रोख थोडी कमी घ्या आणि बदल्यात वर्षभराचा बस-ट्रामचा पास घ्या. आम्ही पास घेतला. सासऱ्यांना साठीनंतरचा मोफत पास आधीच होता, त्यामुळे तो माझ्या नावावर.

आता बसबद्दल. विस्ताराच्या जोडीला महापौरांनी बाहेरच्या उपनगरांसाठी सुपरलूप म्हणून जलद बसची माळ आणली. थांबे कमी, अंतर जास्त. त्यात एक गंमत आहे. आमच्याकडून हीथ्रोला जाणारी एक्स१४० आधीपासून होती, तिचंच बारसं करून एसएल९ नाव ठेवलं. सासरे म्हणाले, "नवरी तीच, शालू नवा." पण हॅरो ते नॉर्थ फिंचली जाणारी एसएल१० खरोखरच नवी. त्या दिशेला आधी दोन बस बदलाव्या लागायच्या. माझी नणंद त्या बाजूला राहते, त्यामुळे या सुधारणेचे तोटेही आहेत. 😀

तर माझं उत्तर: आम्हाला मिळालं. पण कर लावणारा आणि बस चालवणारा एकच असल्यामुळे मिळालं. बसचे मार्ग, तिकीट, कंत्राटं सगळं एका संस्थेच्या हातात. बर्मिंगहॅमला तसं नाही ना?

मिडलँडकर

@हॅरोची_सून, नाही. कर महापालिकेचा, बस खाजगी कंपन्यांच्या. महापालिकेने जुन्या गाड्यांची इंजिनं सुधारायला मदत केली, गाडी मोडीत काढणाऱ्यांना २००० पाउंड दिले, ते प्रवासाच्या कार्डावरही घेता येत होते. पण 'या मार्गावर दहा फेऱ्या वाढवा' असं महापालिका थेट सांगू शकत नाही.

सातारी_तडका

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा गरिबाच्या खिशातून काढून श्रीमंताच्या फुप्फुसात घालायचा धंदा आहे. नवी गाडी घ्यायची ऐपत आहे तो फुकट फिरणार. ज्याच्याकडे जुनी व्हॅन आहे, पहाटे चारला कामावर जायचंय, तेव्हा बस नाही, तो भरणार. बर्मिंगहॅमचा दिवस रात्री बाराला बदलतो म्हणे. रात्रपाळीला अकराला आत गेला आणि सकाळी बाहेर पडला की दोन दिवसांचे १६ पाउंड. हॉस्पिटलातला वॉर्डबॉय, सफाईवाला, हेच लोक ना रात्रपाळीला?

हॅरोची_सून

@सातारी_तडका, रात्रपाळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण गरिबांच्या घरांत गाडी असण्याचं प्रमाणही कमीच असतं, आणि हमरस्त्याला लागून घरंही त्यांचीच असतात. लंडनच्या लुइशम भागात साउथ सर्क्युलरजवळ राहणारी नऊ वर्षांची एला दम्याने २०१३ मध्ये गेली. २०२० मध्ये कोरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण नोंदवलं. फुप्फुसं श्रीमंतांचीच वाचतात हे काही पटलं नाही.

सातारी_तडका

ते वाचलं होतं. त्यावर बोलायला काही नाही. रात्रपाळीवर मात्र ठाम आहे.

मंडळाचा_खजिनदार

आता माझी रडकथा ऐका. बाथ शहराची सहल. ५३ माणसं, एक कोच, पुढच्या सीटवर गणपतीबाप्पाची छोटी तसबीर, डिकीत पुरणपोळ्या.

कोचवाल्याने दिलेल्या हिशोबात खाली एक ओळ: 'स्वच्छ हवा क्षेत्र, १०० पाउंड.' मी विचारलं हे काय? म्हणे गाडी युरो ५ आहे, बाथमध्ये शिरताना लागतात. मार्च २०२१ पासून आहे तिथे. मी म्हटलं, मग आम्ही आपापल्या मोटारीच आणतो. तो शांतपणे म्हणाला, "आणा की, त्यांना काही लागत नाही."

आणि खरंच नाही लागत! बाथचं क्षेत्र 'क' वर्गाचं. बस, कोच, ट्रक, व्हॅन, टॅक्सी यांना शुल्क. खाजगी मोटारीला, मग ती कितीही धुरकट असो, शून्य. म्हणजे ५३ माणसं एका बसमधून गेलो तर १०० पाउंड, तीच माणसं तेरा-चौदा मोटारींतून धूर काढत गेलो तर फुकट.

कमिटीची बैठक झाली. दीड तास. शेवटी माणशी दोन पाउंड वर्गणी वाढवली. त्यावरूनही एकाने विचारलं, "लहान मुलांची हवा अर्धी धरणार का?"

टिनपाट

लहान मुलांची हवा अर्धी 😂😂 धागा वसूल.

चहाबाज

पुरणपोळ्या डिकीत?? वाटेत स्टोनहेंजच्या प्राचीन दगडांपाशी थांबला असाल तर तिथेच मोडल्या असतील. पाषाणयुगातला मेनू.

खिडकीची_सीट

मिडलँडकर, तुमच्या 'गाड्या तेवढ्याच, फक्त नव्या' या वाक्यात सगळं आलं. मी २००९ ते २०१३ मिलानला होते आणि हा खेळ डोळ्यांसमोर पाहिला.

मिलानने जानेवारी २००८ मध्ये 'इकोपास' सुरू केला. जितकी गाडी घाणेरडी तितके पैसे जास्त, स्वच्छ गाडीला माफी. पहिल्यांदा शहराच्या मध्यभागातली वर्दळ चांगली कमी झाली. मग लोकांनी काय करावं? स्वच्छ गाड्या घेतल्या. प्रदूषणाच्या हिशोबाने तेच तर हवं होतं. पण माफीवाल्या गाड्या वाढत गेल्या, तशी वर्दळ परत आली आणि ट्राम पुन्हा अडकायला लागली. माझी ट्राम कॅथेड्रलच्या अलीकडे इतका वेळ उभी राहायची की मी उतरून चालत जायचे आणि ती मागून यायची.

२०११ च्या जूनमध्ये सार्वमत झालं, त्यात ७९ टक्के लोकांनी शुल्क वाढवा, गाडी स्वच्छ असो-नसो जवळपास सगळ्यांना लावा, पैसा बस-ट्रामला द्या, असा कौल दिला. जानेवारी २०१२ पासून 'एरिया सी' आलं, आत यायचे सरसकट ५ युरो (आता साडेसात). तेव्हा कुठे ट्राम हलली.

धुरावरचं शुल्क आणि गर्दीवरचं शुल्क ही दोन वेगळी औषधं आहेत. धुरावरच्या शुल्काने हवा सुधारते. बसला मोकळा रस्ता गर्दीवरच्या शुल्काने मिळतो. एकाच्या बाटलीवर दुसऱ्याचं लेबल लावलं की तुमच्या मामेभावासारखी फसगत होते.

हॅरोची_सून

@खिडकीची_सीट, अगदी! लंडनला दोन्ही आहेत आणि लोक सर्रास गल्लत करतात. गर्दीशुल्क फेब्रुवारी २००३ पासून, तेव्हा ५ पाउंड, फक्त मध्यभागात, बस आणि काळ्या टॅक्सीला माफ. पहिल्याच दिवसापासून सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर होत्या. इलेक्ट्रिक मोटारींना बरीच वर्षं त्यातून सूट होती, ती २०२५ च्या नाताळाला संपवली. नव्या वर्षापासून शुल्क १८ पाउंड, इलेक्ट्रिकला थोडी सवलत, पण फुकट नाही. विजेवरच्या गाडीमागेही बस अडकतेच.

निवृत्त_आगारवाला

नमस्कार. तेहेतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता सांगलीत असतो. मुलगा शेफील्डला, मागच्या वर्षी सहा महिने तिकडे राहून आलो. तिथेही फेब्रुवारी २०२३ पासून असंच क्षेत्र आहे, खाजगी मोटारी सोडून.

माझा मुद्दा इंजिनाचा. जुन्या बस मोडीत काढणं परवडत नाही म्हणून इंग्लंडभर अनेक कंपन्यांनी जुन्याच बसच्या सायलेन्सरला नवा संच बसवला. आपल्याकडे बीएस ६ गाडीत ड्रायव्हर 'युरिया टाकला का' विचारतात ना, तोच प्रकार. युरियाचं पाणी धुरात फवारायचं, आतल्या जाळीवर त्याची रासायनिक क्रिया होते आणि नायट्रोजनचे विषारी वायू निरुपद्रवी होतात. सरकारने अनुदान दिलं, कागदावर बस युरो ६ झाली, शुल्क माफ.

पण ती जाळी तापल्याशिवाय काम करत नाही. साधारण दोनशे अंशांच्या वर धूर गरम पाहिजे. घाटात चढणाऱ्या गाडीचा धूर असतो तसा. शहरातली बस काय करते? थांबा, दार उघड, दार मीट, शंभर मीटर, सिग्नल. इंजिन गरम होतच नाही. मग युरिया फवारून उपयोग काय? आगारात उभ्या गाडीवर चाचणी उत्तम, रस्त्यावर बोंब. हे त्यांच्याही लक्षात आलं. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने या कामाचं नवं अनुदान थांबवलं, आणि पुढे रस्त्यावरच्या मोजमापात घट अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली.

म्हणजे बघा, मोटारींच्या गर्दीमुळे बस रांगते, बस रांगते म्हणून तिचा धूर थंड राहतो, आणि थंड धुरामुळे ती प्रदूषण करते. वर दोष बसचा! खजिनदारसाहेबांच्या कोचला १०० पाउंड लावले, पण तो कोच महामार्गावर गरम होऊन आला होता हो.

चहाबाज

काका, दंडवत. 'कोच गरम होऊन आला होता' 🙏

भवानी_पेठ

आगारवाले काका, तुम्ही नियमित लिहा हो. बाकी आमच्या पीएमपीच्या काही गाड्यांचा धूर थंड का गरम हे पाहायला मागची मोटारसायकल दिसली पाहिजे आधी.

दिल्लीतला_देशस्थ

भारतात असं काही नाही असा सूर दिसतोय, म्हणून सांगतो. दिल्लीत आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने २०१५ च्या नोव्हेंबरपासून शहरात शिरणाऱ्या व्यापारी मालवाहू गाड्यांवर पर्यावरण भरपाई शुल्क लागलं. हलक्या ट्रकला ७०० रुपये, जड ट्रकला १३००, आणि त्याच डिसेंबरात दोन्ही दुप्पट. प्रवासी गाड्यांना माफी, म्हणजे बाथच्या उलट. कोर्टाला बस आणि ट्रक यातला फरक कळला, बाथच्या पालिकेला नाही!

पैशाचं काय झालं विचाराल तर, जमा होत राहिला आणि खर्च व्हायला वर्षानुवर्षं लागली. त्यातला काही भाग दिल्ली–मेरठ जलद रेल्वेकडे वळवायला लावला, त्यावरूनही सरकारं कोर्टात भांडली. ज्या पैशातून उद्या बस यायला हवी, तो तिजोरीत झोपतो आणि आपण थांब्यावर उभे.

मंडळाचा_खजिनदार

बाथच्या पालिकेच्या बाजूने एक सांगतो (वकीलपत्र घेतलेलं नाही). त्यांचं म्हणणं होतं की मोटारींना लावलं तर कमी पगारवाल्यांवर बोजा. म्हणजे सातारी_तडका यांचाच मुद्दा ऐकून त्यांनी मोटारी वगळल्या.

सातारी_तडका

आँ? म्हणजे तुमचे १०० पाउंड माझ्यामुळे गेले? 🙈

मुलुंड_चेकनाका

आम्ही तर उलट्या दिशेने चाललोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवरचा टोल हलक्या गाड्यांना माफ झाला. दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती हा योगायोग समजावा. (राजकारण नको, हो ना?)

आणि त्यानंतर सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टचं कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं. एसीचं ६ चं १२. जूनमध्ये पीएमपीचंही ५ चं १०. म्हणजे मोटारीने शहरात येणं स्वस्त आणि बसने फिरणं महाग. परदेशातल्या लोकांनी धुराचा कर लावून बस सुधारते का यावर चर्चा करावी, आम्ही बसवाल्याकडून घेऊन मोटारवाल्याला देतोय.

भवानी_पेठ

+१. बेस्टच्या स्वतःच्या गाड्या वर्षानुवर्षं घटतायत, बाकी भाडेतत्त्वावर. थांब्यावर उभं राहून मोबाइलवर बस दिसते, प्रत्यक्षात दिसत नाही.

टिनपाट

पुण्यात असा कर आला तर पहिल्या दिवशी पाट्या लागतील: 'येथे धूर करू नये. केल्यास स्वतःच हुंगावा.'

लेक_मेलारेन

स्टॉकहोमचा अनुभव इथे नोंदवते, कारण क्रमाचा प्रश्न कुणी काढलाच नाही. आधी बस की आधी कर?

इथे २००५ च्या ऑगस्टमध्ये जवळपास दोनशे नव्या बस आणि सोळा नवे मार्ग सुरू केले. कर नव्हता. मोटारवाले हलले का? नाही. बस छान होत्या, लोकांनी कौतुक केलं आणि मोटारीनेच गेले. जानेवारी २००६ मध्ये सात महिन्यांपुरता प्रायोगिक कर आला आणि शहराच्या वेशीवरची वाहतूक एकदम पाचव्या हिश्शाने कमी. प्रयोग जुलैअखेर थांबला, वाहतूक बरीचशी परत वाढली. सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतलं, शहराने थोडक्या फरकाने 'हो' म्हटलं, ऑगस्ट २००७ पासून कायमचं.

नुसत्या बस आणून मोटारवाला उतरत नाही. पण नव्या बस आधी आल्या नसत्या तर सार्वमतात 'हो' आलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. आणि हो, इथेही पर्यायी इंधनाच्या गाड्यांना सुरुवातीला माफी होती, तशा गाड्या वाढल्यावर ती काढून घेतली. मिलानचीच गोष्ट.

मँचेस्टरचा_मधू

आमच्याकडे २००८ मध्ये विचारलं होतं: गर्दीशुल्क मान्य करा, बदल्यात ट्राम-बससाठी सुमारे ३ अब्ज पाउंडांची कामं घ्या. ७९ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. मिलानचे ७९ 'हो', आमचे ७९ 'नाही'. आकडा तोच, बाजू उलटी.

मग स्वच्छ हवा क्षेत्र येणार होतं, ३० मे २०२२ ला. इथे खाजगी मोटारी सुरुवातीपासूनच वगळलेल्या, व्हॅन-टॅक्सी-बसवाल्यांवरच पडणार होतं. पाट्या लागल्या, कॅमेरे बसले, टॅक्सीवाले आणि व्हॅनवाले रस्त्यावर उतरले, फेब्रुवारीत स्थगिती. पाट्यांवर 'फेरविचार चालू' असे स्टिकर चिकटवले. जानेवारी २०२५ मध्ये ते कायमचं रद्द झालं. त्याऐवजी ८६ दशलक्ष पाउंड मंजूर झाले, त्यातला मोठा वाटा नव्या बसवर. त्याच महिन्यात सगळ्या बस पुन्हा सरकारी नियंत्रणाखाली आल्या, सगळ्या पिवळ्या. आता हॅरोच्या ताई म्हणाल्या तसं मार्ग, तिकीट, फेऱ्या सगळं एका हातात.

तर कर न लावता बस मिळाल्या असं आमच्याकडचं उदाहरण. सातारी_तडका यांनी खूश व्हावं.

सातारी_तडका

खूश! पण पैसे आले कुठून? करदात्याच्याच खिशातून ना.

खिडकीची_सीट

@मधू, पिवळ्या बस आवडल्या, पण त्या मोटारींच्या रांगेतच उभ्या आहेत का? तेवढं सांगा.

मँचेस्टरचा_मधू

...ऑक्सफर्ड रोडवर नाही. तिथे दिवसभर मोटारींना मनाईच आहे बऱ्याच भागात. बाकी ठिकाणी, हो. उभ्या आहेत.

निवृत्त_आगारवाला

एक हिशोबाची गोष्ट राहिली. धुराच्या करातून बसचा रोजचा पगार-डिझेलचा खर्च चालवू नये. लोक गाड्या बदलत जातात तसं उत्पन्न आटत जातं, आणि ते आटावं म्हणूनच तर कर लावलेला असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत येणारा पैसा एकदाच करायच्या कामाला घालावा: बसची वेगळी मार्गिका, शेड, नव्या गाड्या. रोजच्या फेऱ्या त्यावर सुरू केल्या तर पाचव्या वर्षी बंद कराव्या लागतील. आमच्याकडे खेड्यातल्या मुक्कामी गाड्या अशाच बंद झाल्या. कारण वेगळं होतं, पण थांब्यावर बसलेल्या म्हातारीला कारणाशी काय.

चहाबाज

मुक्कामी गाडी! पहाटे साडेपाचला गावातून निघायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, आमची आजी त्यांना चहा द्यायची. आयडीचं मूळ तेच. अवांतराबद्दल क्षमस्व.

मिडलँडकर

सगळ्यांचे आभार. खजिनदारांच्या पुरणपोळ्यांपासून काकांच्या थंड धुरापर्यंत सगळं वाचलं.

काल मामेभावाला परत फोन केला. म्हटलं, धुराचा कर आणलास तर तुझ्या नव्या गाडीला काही लागणार नाही, तुझ्या शेजारच्या रिक्षावाल्याला आणि पीएमपीच्या जुन्या बसला लागेल, आणि तू सिंहगड रोडवर सव्वा तासच अडकशील, हवा जरा बरी असेल इतकंच. तो म्हणाला, "मग काय करायचं?" मी म्हटलं, सगळ्या मोटारींना लावायचं, तुझ्यासकट, आणि तो पैसा बसच्या मार्गिकेला. लाइनवर शांतता.

मग म्हणाला, "इकडे रेंज नीट येत नाहीये," आणि फोन ठेवला.

टिनपाट

अस्सल पुणेकर. रेंज आपल्याला हवी तेव्हाच जाते.

मंडळाचा_खजिनदार

यंदाची सहल ठरली. यॉर्क, ट्रेनने. पुरणपोळ्या हातात धरून न्यायच्या, असा ठराव एकमताने मंजूर.